कुठल्याही मशीनवर चालणारा आवाज

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला माहीत नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होती त्या व्यंकटला तर — नाहीच नाही. आज पहिल्यांदा तोंडातून काढतेय, ते तुमच्यासमोर. तुम्ही अनोळखी म्हणून सोपं जातंय असं समजू नका. सकाळपासून लिहायला बसते, उठते, चहा ठेवते, परत येऊन बसते. चहा पिऊन पिऊन पित्त झालं, पण वाक्य काही पुढं सरकेना.

मग आधी आनंदाचंच सांगू का? सांगतेच. कारण आनंद लई मोठा आहे, आणि तो तरी खोटा नाही.

गेल्या महिन्यात मुखेड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत आमची 'बोलकी पाटी' — पोरांना चित्रं दाखवून, बोलून शिकवणारा आमचा प्रोग्राम — बोलली. नुसती बोलली नाही हो, गरजली! एका खोलीत किती तऱ्हेची मशीनं — कुठल्यातरी हापिसातून आलेला जुनाट डबा, ज्याचा पंखा ट्रॅक्टरसारखा घरघरतो, शेजारी तळहातावर मावतील असे बारके कॉम्प्युटर, हेडमास्तरीणबाईंचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप. एकाचं पोट दुसऱ्यासारखं नाही. आणि सगळ्यांतून एकदम एकच बाई ओरडली — "घ्या वांगी! काटेरी वांगी! देठ बगा अन् मग घ्या!" पडद्यावर वांगं, खाली मोठ्या अक्षरात नाव, आणि आवाज असा की खिडकीबाहेरच्या शेळ्या दचकल्या. पोरं बाकावर चढली. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी तर रडले, खोटं कशाला बोलू. जिंकलो होतो आम्ही!

खोटं कशाला बोलू — बघा, कसं सहज येतं तोंडात.

मी प्रज्ञा. शिरूर अनंतपाळची. आमच्या घरातली शिकून बाहेर पडलेली पहिली पोरगी. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, आता लातुरात पोरांना कॉम्प्युटर शिकवते. आणि उरलेल्या वेळात एका फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेजं बांधते. ही सिस्टिम जगभरातली माणसं हौसेनं चालवतात. तिचं एक भलंमोठं कोठार आहे, आणि कोठारात पॅकेजं. पॅकेज म्हणजे गाठोडं समजा — प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं. तुम्ही फक्त नाव सांगायचं. गाठोडं येतं, आपोआप उघडतं, काम सुरू.

आता मशीनं सगळी एका जातीची नसतात. हसू नका, मशीनलाही जात असते. कॉम्प्युटरच्या आतली चिप वेगळी, मोबाइलमधली वेगळी. एकीसाठी तयार केलेला प्रोग्राम दुसरीवर चालत नाही. मोटारीचा पट्टा त्याच मापाच्या मोटारीला बसतो, तसं. पण काही गाठोड्यांत नुसती अक्षरं असतात, चित्रं, आवाज, शब्दांचे साठे. त्यांचं पाण्यासारखं आहे, कुठल्याही मोटारीतून येतील. अशा गाठोड्यावर एक शिक्का असतो — 'सगळ्यांसाठी'. एकदाच बांधायचं, जगातल्या कुठल्याही मशीननं घ्यायचं. अट एकच, की आत कुठल्याही एका जातीच्या चिपसाठी तयार केलेला प्रोग्राम असता कामा नये. एवढुसासुद्धा.

'सगळ्यांसाठी'. मला हा शिक्का पहिल्या दिवसापासून आवडला. का आवडला हे आमच्या वस्तीत वाढलेल्या कोणालाही विचारा.

व्यंकट माझ्याच वर्गातला. आमची जोडी म्हणजे तसली जोडी नव्हे, प्रॅक्टिकलची. त्याला प्रोग्राम लिहायचा कंटाळा, मला चार माणसांत बोलायचा. पुढं त्यानं इंजिनिअरिंग मध्येच सोडलं, डी.एड. केलं आणि स्वतःच्याच गावात जिल्हा परिषदेचा मास्तर झाला. शाळेला गावच्या एका माजी विद्यार्थ्यानं ते तळहाताएवढे कॉम्प्युटर पाठवले तेव्हा व्यंकटचा मला फोन. "प्रज्ञे, लेकरांना चित्रं दावून, बोलून शिकवणारं कायतरी बनव. पण त्यात ती गोड गोड बोलणारी बाई नको बरं का. आपल्या लेकरांना घरातला आवाज पायजे." मी म्हटलं, घरातला म्हणजे कोणाचा? म्हणाला, "माय हाय की!"

व्यंकटची माय म्हणजे गोदावरी. गाव तिला गोदामाय म्हणतं. घरची शेती, त्यातला भाजीपाला ती स्वतः मुखेडच्या बाजारात नेऊन विकते. बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरलं की आधी तिचा आवाज ऐकू यायचा, मग बाजार दिसायचा. लोक चिडवायचे, गोदामायला भोंगा कशाला पायजे, तीच भोंगा हाय. तिला ते चिडवणं फार आवडायचं. दुसऱ्या बाया साडीचा, दागिन्याचा तोरा मिरवतात; हिचा तोरा आवाजाचा.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा ती दारात "राम राम" म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघितलं — व्यंकटनं सांगितलेलं असणार — आणि म्हणाली, "जय भीम, लेकी." हाताला धरून थेट चुलीपाशी नेलं, भाकरी वाढली, आणि माझ्याच ताटातला चिमूटभर ठेचा उचलून चाखून बघितला, मला तिखट होतो का म्हणून. त्या आळीत असं किती जणींनी केलं असतं? मला माहीत आहे किती जणींनी. पुढं मी ज्या बाईशी वागले ती बाई कोण होती, हे तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून सांगितलं.

रेकॉर्डिंग तिच्याच घरात. दारं लावली, भिंतींना गोधड्या टांगल्या, कोंबड्या शेजारी पाठवल्या. मी म्हटलं, मावशी, जरा हळू बोला, माइक जवळच आहे. तर म्हणाली, "हळू बोलल्यावर गिऱ्हाईक येतंय का?" आणि दिली आरोळी! माइकचा काटा लाल. मी माइक लांब नेला. अजून लांब. शेवटी माइक न्हाणीच्या दाराशी आणि ती चुलीपाशी, तेव्हा कुठं जमलं. वांगी, भेंडी, शेपू, वाळूक. आकडे, वार, महिने, एक कोल्ह्याची गोष्ट. मध्येच थांबून विचारायची, "हे सगळ्या मशीनीत जाणार?" मी म्हणायची, सगळ्या मावशी, जगातल्या कुठल्याही. "आगं माय माय!" म्हणायची, आणि पुढचा आकडा अजून जोरात.

लातूरला येऊन ऐकलं. स्वच्छ. कुठं खरखर नाही, कुठं शब्द तुटलेला नाही. कानात हेडफोन घालून हसत बसले होते मी एकटीच. असं रेकॉर्डिंग मी आजवर दुसरं केलेलं नाही.

आता येते मुद्द्यावर. येते का? हो, येते.

गाठोडं बांधताना एक अडचण आली. चित्र पडद्यावर पटकन यायचं आणि आवाज मागून, रेंगाळत. वांगं दिसतंय आणि सगळं गप्प, पुढच्या चित्रावर गेलं की मग "वांगी!" भेंडीचं चित्र आणि वांग्याची आरोळी — असं कसं चालेल? म्हणून मी एक बारका प्रोग्राम लिहिला, आवाज झटकन वाजवणारा. तो तयार केला माझ्या लॅपटॉपवर, म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या चिपसाठी. आणि तसाच त्या गाठोड्यात, आवाजांच्या फायलींच्या ढिगात सरकवून दिला. वर शिक्का? 'सगळ्यांसाठी'.

बरोबर रस्ता मला ठाऊक नव्हता असं नाही. तो प्रोग्राम वेगळ्या गाठोड्यात बांधायचा, प्रत्येक जातीच्या चिपसाठी तो वेगवेगळा तयार होऊ द्यायचा, त्याची तपासणी व्हायची, प्रश्न यायचे, उत्तरं द्यायची. वेळ जाणार होता. आणि कोठाराची नवी आवृत्ती तर बंद व्हायला आलेली — एकदा दार लागलं की पुढच्या खेपेपर्यंत बाहेर बसा. मला धीर नव्हता. मला त्या आवृत्तीत माझं नाव पाहिजे होतं, शिरूर अनंतपाळच्या पोरीचं. गाठोड्यांतल्या चुका दाखवणारा एक प्रोग्राम असतो. त्यानं मला चक्क हटकलं — 'सगळ्यांसाठी' म्हणतेस, मग आत हे एकाच जातीचं सामान कसं? त्याला गप्प करायची सोय असते, फक्त कारण द्यावं लागतं. मी कारण दिलं, 'चाचणीपुरतं आहे'. साफ थाप. ज्या ज्येष्ठ माणसानं माझ्या वतीनं ते गाठोडं कोठारात टाकलं, त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आणि चाचणी म्हणाल तर मी आमच्या कॉलेजातल्या सगळ्या मशीनवर केली. सगळी मशीनं एकाच जातीची! चालणारच की. मी लातुरात पेढे वाटले.

मग शाळेतला उद्घाटनाचा दिवस आला.

व्यंकटनं गावभर सांगून ठेवलं होतं. सरपंच आले, हेडमास्तरीणबाई आल्या, पोरं, बाया, पारावरची रिकामी मंडळी, सगळी आली. गोदामाय पुढच्या रांगेत. नवं लुगडं, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर मावत नाही एवढं हसू. बाजारात शेजारी बसणाऱ्या बायांनाही ती घेऊन आली होती — "मशीन माझ्यावानी बोलायलीय, चला दावते." फीत कापली. एका चिमुरडीनं बारक्या कॉम्प्युटरवर बटण दाबलं. पडद्यावर वांगं आलं. खाली अक्षरं आली. आणि —

काही नाही.

परत दाबलं. काही नाही. दुसरं मशीन, भेंडी. गप्प. तिसरं, गप्प. कोणीतरी स्पीकरच्या वायरी हलवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "मुकी हाय का काय पाटी?" आणि असा हशा पिकला की विचारू नका. व्यंकटचे कान लाल झालेले मला दिसत होते.

मी पुढं झाले. मशीन आपली कुरकुर जिथं इंग्रजीत लिहून ठेवतं ती खिडकी उघडली. एकच ओळ होती, खाली खाली तीच ती — हा प्रोग्राम या मशीनवर चालू शकत नाही. बारक्या कॉम्प्युटरात चिप मोबाइलच्या जातीची, आणि मी आत सरकवलेला प्रोग्राम माझ्या लॅपटॉपच्या जातीचा. मला कळलं. सगळं कळलं, आणि तिथंच कळलं — हेच तर सांगायचंय तुम्हाला! घरी जाऊन विचार केला आणि मग उजेड पडला, असं नाही झालं. त्या भरल्या खोलीत, सगळ्यांच्या समोर उभी असताना मला कळलं. आणि मी ती खिडकी बंद केली.

"काय झालं, मॅडम?" सरपंचांनी विचारलं. म्हणायचं तरी काय होतं? चूक माझी. दोन शब्द. लोकांना चिप-बिप काय कळणार होतं? हसले असते, जेवले असते, विसरले असते. पण त्या खोलीत बाहेरची मी एकटी, आमच्या समाजाची मी एकटी, आणि माझ्या डोक्यात — नाही. हे इथंच थांबवते. डोक्यात जे आलं ते खरं होतं, पण ते कारण म्हणून पुढं करायचं नाही असं मी ठरवलंय. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मशीन चांगलंय. पाटी चांगलीय. रेकॉर्डिंगच खराब झालेलं दिसतंय. मावशींचा आवाज नीट धरला गेला नाही."

ऐकलंत? विजेवर ढकलता आलं असतं. आमच्याकडं विजेवर ढकललं तर कोण उलटून विचारतंय! वायरींवर ढकलता आलं असतं. मी ढकललं ते समोर नवं लुगडं नेसून बसलेल्या बाईच्या आवाजावर.

गोदामायचं हसू एकदम गेलं नाही. सावकाश गेलं. ती शेजारणीकडं वळून म्हणाली, "व्हय, लई वरडले म्या. लेक सांगत व्हती हळू बोला म्हून." माझीच बाजू घेतली तिनं! मग उठली, लुगड्याच्या निऱ्या झटकल्या आणि व्यंकटला म्हणाली, "चल रं, भाकरी टाकायच्या हायत." बाजारच्या बाया तिच्या मागं मागं गेल्या. कॉम्प्युटर कपाटात गेले. कपाटाला कुलूप लागलं.

लातूरला परत आले आणि लगेच तो प्रोग्राम गाठोड्यातून काढून टाकला. त्याची गरजच नव्हती. चित्र यायच्या आधीच आवाज भरून ठेवायची साधी युक्ती होती, डोकं ठिकाणावर असतं तर पहिल्याच दिवशी सुचली असती. आता गाठोडं खऱ्या अर्थानं सगळ्यांसाठी झालं. पण भानगड पुढंच होती. रेकॉर्डिंग खराब आहे असं गावासमोर म्हटल्यावर तेच रेकॉर्डिंग परत कसं वाजवणार? पहिल्याच वांग्याला उघडी पडले असते. मग काय केलं मी? गोदामायचा आवाज काढला आणि माझा घातला. माझ्या खोलीत, कपाट उघडून, कपड्यांच्या घडीत तोंड घालून, शुद्ध, मऊ, पुस्तकातल्या बाईसारखं — "हे वांगे आहे."

आणि चाललं हो, धो धो चाललं! ती नवी आवृत्ती निघाली आणि भोकरकडच्या एका शाळेत जुन्या डब्यांवर चाललं. कोणाच्या घरी पोरांच्या लॅपटॉपवर चाललं. परदेशातून एका आजोबांची मेल आली, आमची नात तुमच्या आवाजात आकडे शिकली म्हणून. बारकं मशीन असो की मोठं, नवं की जुनं, कुठं म्हणून अडलं नाही. एका कार्यक्रमात मला बोलावलं, शाल दिली. मी व्यासपीठावर उभी राहून छाती काढून सांगितलं — एकच गाठोडं, सगळ्यांसाठी! टाळ्या थांबेनात. शिरूरहून बाबा आले होते, पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. त्या टाळ्या मला गोड लागल्या. लागल्या नाहीत असं म्हणू कशी?

आणि मुखेडात?

व्यंकटचा फोन आला एकदा. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाला, "माय बाजारात आवाजच देईना गं. खाली मान घालून बसती. गिऱ्हाईक आलं तर तोलून देती, न्हाईतर न्हाई. म्हणती, मशीनीला सुदीक माझा आवाज मानवंना, माणसाला कशाला तरास." मी काय म्हणाले असेन? काढा अंदाज. म्हणाले, "वय झालं रे त्यांचं."

हेही मीच म्हणाले. हे तर मला कोणी विचारलंही नव्हतं.

एका बाजाराला मी गेले होते तिकडं, मुद्दाम, न सांगता. एसटीतून उतरले. मिरचीवाल्याचा आवाज येत होता, चपलांवाल्याचा येत होता, जिलबीच्या कढईपाशी पोरं भांडत होती. ती मात्र आपल्या जागी बसलेली, समोर वांग्यांचा ढीग तसाच, आणि एका चिंध्यानं एकेक वांगं पुसत होती. मी जिलबीच्या दुकानाआड उभी राहिले आणि मिळेल त्या गाडीनं परत आले. भेटले नाही. भेटून काय तोंड दाखवणार होते?

मग व्यंकटनंच विषय काढला. कपाटातले कॉम्प्युटर त्यानं परत बाहेर काढले होते, माझ्या आवाजाची पाटी त्यांवर छान चालत होती, पण — त्याला सांगताना हसू आवरेना — "पोरं तुझा आवाज बंद करून खेळतात, प्रज्ञे. म्हणतात, ह्या बाई रागावल्यात का सर?" मी पण हसले. मग तो गंभीर झाला. मायला परत रेकॉर्डिंगला बसवू म्हणाला. त्यानं विचारून बघितलं तर तिनं हात जोडले. "नगं बाबा. एकदा शोभा झाली तेवढी बास झाली."

तेव्हा तरी सांगायचं की नाही? व्यंकट माझा मित्र. रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, त्याच्या शिव्या मला सवयीच्या आहेत. फोन कानाला होता, तो वाट बघत होता. आणि मी म्हणाले, "जुनं रेकॉर्डिंग आहे अजून माझ्याकडं. आता आवाज साफ करायचं नवीन सॉफ्टवेअर आलंय. बघते जमतंय का." तो एवढा खूश झाला की काय सांगू! "कर गं, कर! लई उपकार होतील!"

काय साफ करणार होते मी? त्यात मळ होताच कुठं? ती फाईल उघडली, ऐकली. तीच आरोळी. मधूनच "हे सगळ्या मशीनीत जाणार?" आणि माझा तो आवाज, तरणा, बेफिकीर, "सगळ्या मावशी." तेवढं बोलणं गाठोडं बांधताना कापलं होतं, पण मुळातल्या रेकॉर्डिंगमध्ये होतं अजून. ऐकवेना. बंद केलं. मग माझा आवाज गाठोड्यातून काढला आणि तिचा होता तसा परत घातला. हे काम चहा गार व्हायच्या आत झालं. तरी व्यंकटला मी कितीतरी दिवस लटकवून ठेवलं. फार किचकट आहे रे, चाललंय, होत आलंय. मेहनत घेतल्यासारखं दिसायला पाहिजे ना!

आणि मग तो दिवस, ज्यानं मी सुरुवात केली. गोदामाय यायला तयारच नव्हती. व्यंकट मुद्दाम डबा घरी विसरून आला आणि तो द्यायला ती शाळेत आली. दारात उभी होती, डबा हातात. हेडमास्तरीणबाईंनी खूण केली, पोरांनी सगळ्या मशीनवर एकदम बटण दाबलं. "घ्या वांगी! काटेरी वांगी!" तिनं आधी मागं वळून बघितलं, कोण ओरडलं म्हणून. मग पडद्याकडं बघितलं. मग — "आगं बया! ही तर म्या!"

डबा तिथंच खाली ठेवला आणि आत आली. मशीन आकडे म्हणायला लागलं तशी ती पण म्हणायला लागली, मशीनच्या वरताण, आणि पोरं तिच्या वरताण. सगळी शाळा एक, दोन, तीन म्हणत होती, पत्रे वाजायचे बाकी होते. माझ्या अंगावर काटा आला. आताही येतोय. ती आनंदानं नाचली असती तर नवल वाटलं नसतं. आकडे संपले तशी ती माझ्याकडं आली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा गेलेला आवाज ह्या लेकीनं परत आणला!"

टाळ्या. सरपंचांनी नारळ पुढं केला. आणि मी? मी वाकून गोदामायच्या पाया पडले. नारळ घेतला. फोटोला उभी राहिले. फोटोत हसतेय मी, छान आलाय.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. खरं सांगते, आयुष्यभर गप्प बसले असते, माझा स्वभाव मला माहीत आहे. पण परवा बाजाराच्या दिवशी मुखेडला गेले. एसटीतून पाय खाली टाकला आणि — आला! बाजार दिसायच्या आधी आवाज आला! मिरचीवाला नाही, चपलांवाला नाही, सगळ्यांना झाकून टाकणारी ती एकच आरोळी, देठ बगा अन् मग घ्या! मी जवळजवळ पळतच गेले. वाटेत एकजण हसून म्हणाला, गोदामायचा भोंगा चालू झाला परत. काय वाटलं असेल मला! जग जिंकल्यासारखं वाटलं.

तिनं मला बघितलं. उठून उभी राहिली, माझा दंड धरला आणि गिऱ्हाइकांना, शेजारणींना, कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी माणसांना ओरडून सांगायला लागली, "हीच ती लातूरची लेक! माझा आवाज नासला व्हता. मशीन घेईना. हिनं दुरुस्त केला बगा, हिनं!" माझ्या पिशवीत बळंच वांगी कोंबली. व्यंकट म्हणतो, प्रत्येक बाजाराला सांगते, न चुकता. मी एका खोलीत जी थाप मारली होती, ती आता ही बाई भर बाजारात सांगते आहे, पुऱ्या आवाजात, माझं कौतुक म्हणून.

वांगी घरी आणली. भाजी केली. सगळ्यांनी चवीनं खाल्ली.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या हाती पडायच्या आधी व्यंकटला पाठवणार आहे. तो वाचील, आणि मायला लिहिलेलं वाचता येत नाही म्हणून तिला वाचून दाखवील. त्यानंतर काय व्हायचं ते त्यांनी ठरवायचं. मला काही मागायचं नाही.

मावशी, तुमचा आवाज कधीच नासला नव्हता. मी काहीही दुरुस्त केलेलं नाही. गोधड्यांच्या मध्ये बसून तुम्ही त्या दिवशी जी आरोळी दिली, तीच आज सगळ्या मशीनवर वाजते आहे, जशीच्या तशी. नासकं होतं ते मी आत घातलेलं होतं. आणि हे मला त्याच दिवशी, तुम्ही नवं लुगडं नेसून समोर बसला होतात तेव्हाच, माहीत होतं.